अमेरिकन कॉलेजच्या संघात खेळायचंय? सही करण्याआधी काय काय तपासायचं

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. ती आधी अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून टेनिस खेळली होती. त्या सुवर्णानंतर दीडेक महिन्यात त्याच विद्यापीठाने आपल्या फुटबॉल कोचला करार संपण्याआधीच घरी पाठवलं आणि त्यापोटी त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं मान्य केलं. काम थांबवण्यासाठीचे हे पैसे. एकाच विद्यापीठाच्या एकाच क्रीडा विभागातल्या या दोन गोष्टी आहेत, आणि तुमचं मूल ज्या जगात पाऊल टाकणार आहे ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

हा लेख दोन प्रकारच्या घरांसाठी आहे. एक, पुणे-कोल्हापूर-नाशिक-पणजीकडची घरं, जिथे आठवी-नववीतलं मूल टेनिस, पोहणं, गोल्फ किंवा अॅथलेटिक्समध्ये राज्य पातळीवर पोचलंय आणि 'अमेरिकेत स्कॉलरशिप मिळते म्हणे' हे वाक्य कानावर पडलंय. दुसरी, न्यू जर्सी किंवा टेक्सासमधली मराठी घरं, जिथे मूल तिथल्याच हायस्कूलच्या संघात आहे आणि कोचांचे ईमेल यायला लागलेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: या व्यवहारात मुलाच्या पदरात पडणारी सगळ्यात मोलाची गोष्ट शिक्षण ही आहे, आणि सगळ्यात आधी तीच निसटते. कोचची नोकरी सामन्यांच्या निकालांवर टिकते, मुलांच्या पदव्यांवर टिकत नाही. तेव्हा पदवीची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

पायरी १: पैसा कुठून येतो आणि कुठे जातो

अॅन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. वानखेडे तीनदा भरेल एवढी. हा अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज खेळांची मुख्य संघटना असलेल्या एनसीएएची या खेळाच्या दूरचित्रवाणी हक्कांवरची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून विद्यापीठं आणि त्यांच्या लीगा आपापले हक्क विकतात आणि रकमा फुगत गेल्या. फुटबॉलच्या प्लेऑफचे २०२६ पासूनचे सहा वर्षांचे हक्क सुमारे ७८० कोटी डॉलरना गेलेत. एनसीएएचं स्वतःचं उत्पन्न मुख्यतः मार्च महिन्यातल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेतून येतं, जिला सगळे 'मार्च मॅडनेस' म्हणतात.

बाकीचे सगळे खेळ, म्हणजे टेनिस, पोहणं, धावणं, गोल्फ, व्हॉलीबॉल, बहुतेक ठिकाणी या दोन खेळांच्या कमाईवर चालतात. आपल्या मुलांचे खेळ हेच. म्हणून फुटबॉलचा जमाखर्च बिघडला की पहिली कात्री इथे लागते. जुलै २०२० मध्ये स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने आपल्या ३६ पैकी ११ खेळांचे संघ बंद करायचं जाहीर केलं होतं. खेळाडू आणि माजी विद्यार्थी भांडले, खटले घातले, तेव्हा मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. सगळ्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी इतके वजनदार नसतात.

आता नवीन भाग. अनेक दशकं खेळाडूंना स्कॉलरशिपपलीकडे एक डॉलर घ्यायची मुभा नव्हती. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची जर्सी १,००० डॉलरना विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं गेलं. जर्सी विद्यापीठाचं दुकान मात्र खुशाल विकत होतं. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅलस्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला, आणि पुढच्याच महिन्याच्या १ तारखेपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची परवानगी मिळाली. तिला सगळे 'एनआयएल' म्हणतात. जून २०२५ मध्ये 'हाउस' खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

आकडा ऐकून हुरळू नका. मोठ्या विद्यापीठांत यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलकडे जातो, उरलेल्यातला मोठा भाग बास्केटबॉलकडे. टेनिसपटूच्या वाट्याला येतो तो याच तडजोडीचा दुसरा परिणाम. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघासाठी साडेचार स्कॉलरशिपांची मर्यादा होती, ती आठ-दहा जणांत वाटली जायची. आता स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्या जागी संघाची मर्यादा आली: टेनिससाठी १०. कागदावर दहाही जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. देता येते म्हणजे देतात असं नाही. कोचला पहिला प्रश्न हाच विचारा: 'तडजोड तुमच्या कॉलेजने स्वीकारली आहे का, आणि आमच्या खेळाला यंदा प्रत्यक्षात किती स्कॉलरशिपांचे पैसे मिळालेत?' उत्तर गोलमोल आलं तर उत्तर मिळालं असं समजा.

पायरी २: पातळी निवडा

एनसीएएचे तीन डिव्हिजन आहेत. पहिल्यात साडेतीनशेहून जास्त कॉलेजं, मोठा पैसा आणि मोठा ताण. दुसऱ्यात बहुतेक वेळा अर्धवट स्कॉलरशिप. तिसऱ्यात खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच, पण गुणांवर आणि आर्थिक गरजेवर मदत मिळू शकते. याशिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे आणि हायस्कूलनंतरची दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं (आपली अकरावी-बारावी नव्हे) आहेत. हार्वर्ड, येलसह आयव्ही लीगची आठही विद्यापीठं पहिल्या डिव्हिजनमध्ये असूनही खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, आणि वरच्या तडजोडीतही त्यांनी भाग घेतला नाही.

आपल्याकडे 'डिव्हिजन वन' या शब्दांना आयआयटीसारखं वलय आलंय. ते उतरवा. स्क्वॉशचंच बघा. हा खेळ एनसीएएच्या स्पर्धांत नाहीच, त्याची स्वतंत्र संघटना आहे. तरी हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने, जे इतर खेळांत तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असतं, स्क्वॉशमध्ये सलग २५२ लढती जिंकल्या होत्या, आणि त्या संघांत भारतीय मुलं होती. अभ्यासात खरोखर हुशार मूल असेल आणि व्यावसायिक खेळाडू होण्याची शक्यता अंधुक असेल, तर तिसरा डिव्हिजन मला बऱ्याचदा जास्त शहाणपणाचा वाटतो. एक अडचण मात्र लक्षात घ्या: परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत देणारी कॉलेजं थोडी आहेत. प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला हे स्वतंत्रपणे विचारावं लागतं. कोचला ते ठाऊक असेलच असं नाही.

पायरी ३: नववीपासूनचे कागद

महाराष्ट्रात नववीचं वर्ष म्हणजे दहावीची रंगीत तालीम. नववीची गुणपत्रिका पुढे कुणी मागत नाही, त्यामुळे स्पर्धांसाठी शाळा बुडवायला ते वर्ष सोयीचं मानलं जातं. एनसीएएच्या हिशेबात मात्र घड्याळ नववीतच सुरू होतं. पहिल्या डिव्हिजनसाठी नववी ते बारावीत मिळून १६ 'कोअर' अभ्यासक्रम लागतात, ज्यात चार वर्षांचं इंग्रजी, तीन वर्षांचं गणित, दोन वर्षांचं विज्ञान, दोन वर्षांची सामाजिक शास्त्रं वगैरे येतात, आणि सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी. एसएटीची अट २०२३ मध्ये काढून टाकली गेली. मुलाला ज्या कॉलेजात प्रवेश हवाय ते ती परीक्षा मागू शकतं, हा भाग वेगळा.

यात आपली मुलं दोन जागी अडकतात. एक, दहावीनंतर कॉमर्स किंवा आर्ट्स घेऊन गणित सोडलेली. तीन वर्षांचं गणित भरण्यासाठी अकरावीचं गणित लागणार, हे दहावीच्या सुट्टीतच ठरवायला हवं. दुसरी जागा जास्त धोक्याची: बारावीनंतरचं 'ड्रॉप'चं वर्ष. नीट किंवा जेईईसाठी वर्ष घेतात तसं 'एक-दोन वर्षं फक्त स्पर्धा खेळू, मग जाऊ' असं पुष्कळ घरांत ठरतं. शाळा संपल्यानंतर टेनिसमध्ये सहा महिन्यांची आणि बहुतेक इतर खेळांत एका वर्षाची सवलत असते. त्यापुढे आयोजित स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजमधले हंगाम कापले जाऊ लागतात. हे नियम हल्ली वारंवार हलतात, त्यामुळे ड्रॉप घेण्याआधी खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचा नियम वाचा. कुणा एजंटाच्या व्हॉट्सअॅप संदेशावर जाऊ नका.

बक्षिसाची रक्कम घेतली असेल तर प्रत्येक पावती, आणि त्या स्पर्धेला झालेल्या प्रवास-राहण्याच्या खर्चाची बिलं, एका फाइलमध्ये ठेवा. पात्रता तपासली जाते तेव्हा ही फाइल उपयोगी पडते.

पायरी ४: कोचशी बोलताना

ईमेलच्या चार फेऱ्या झाल्या, व्हिडिओ पाठवले, आता व्हिडिओ कॉल ठरलाय. आईबाबा शेजारी बसणार, मुलगा शर्ट घालून समोर. आपल्याकडे मोठ्या माणसाला फार प्रश्न विचारायचे नाहीत, हा संस्कार इथे बाजूला ठेवा. प्रश्न विचारलेले कोचला आवडतात. आणि ज्याला आवडत नाहीत, तो कसा आहे ते तिथेच कळतं.

सगळ्यात आधी वेळेचं विचारा. नियम असा: हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. हंगाम नसताना ८ तास. ऐकायला छान. आता त्यातल्या फटी बघा. सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, ३ तास धरला जातो. प्रवास मोजत नाहीत. फिजिओकडचे उपचार मोजत नाहीत. 'ऐच्छिक' सराव मोजत नाहीत, आणि संघात जागा टिकवायची असेल तर तो किती ऐच्छिक असतो हे खेळणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून 'वीस तासांचा नियम पाळता का?' असं विचारू नका, 'हो' येणारच. 'गेल्या एप्रिलमधल्या एका आठवड्याचं संघाचं वेळापत्रक पाठवाल का?' असं विचारा.

प्रवासाचं स्वतंत्र विचारा. २०२४ पासून लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही 'बिग टेन' लीगमध्ये गेली, ज्यात न्यू जर्सीचं रटगर्सही आहे. प्रशांत महासागराच्या काठावरचं स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट' लीगमध्ये खेळतं. भूगोलाच्या शिक्षकांनी माफ करावं. हे सगळं फुटबॉलच्या टीव्ही पैशांसाठी झालं, पण देश ओलांडणारं विमान व्हॉलीबॉलच्या मुलीलाही पकडावं लागतं, आणि फुटबॉलच्या संघासारखं आठवड्याला एकदाच नाही.

मग विषयाचं. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नचे फुटबॉल खेळाडू कामगार संघटना करण्यासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याने साक्ष दिली की त्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण रसायनशास्त्राचा तास सरावाच्या वेळी येत होता, म्हणून तो मागे पडला आणि शेवटी त्याने विषय बदलला. नॉर्थवेस्टर्न हे काही ऐरंगैरं विद्यापीठ नाही. प्रयोगशाळा दुपारी असतात, सरावही दुपारी असतो. इंजिनिअरिंग, जीवशास्त्र, नर्सिंग या विषयांचा इथेच बळी जातो. कोणी मनाई करत नाही, वेळापत्रकच मनाई करतं.

उलटं उदाहरणही आहे. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल नोव्हेंबर २००८ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला देऊन विमानाने मेरीलँडला पोचला आणि सामन्याच्या उत्तरार्धात खेळला. शिष्यवृत्ती मिळाली, ऑक्सफर्डला गेला, पुढे न्यूरोसर्जन झाला. त्याच्या कोचांनी उशिरा यायची परवानगी दिली, म्हणून हे जमलं. तुमच्या कोचला विचारा: 'परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आले तर गेल्या वर्षी काय केलंत?'

कोचशिवाय तपासता येईल अशी एक युक्ती आहे, आणि ती फुकट आहे. कॉलेजच्या क्रीडा संकेतस्थळावर प्रत्येक संघाची यादी असते आणि बऱ्याच ठिकाणी खेळाडूच्या नावासमोर त्याचा मुख्य विषय, म्हणजे मेजर, लिहिलेला असतो. गेल्या तीन-चार वर्षांच्या याद्या उघडा आणि मोजा. दहातले सहा-सात जण एकाच सोप्या विषयात असतील तर त्या संघात विषय कोण निवडतं हे उघड आहे. इंजिनिअरिंगची एक तरी मुलगी शेवटच्या वर्षापर्यंत टिकलेली दिसली तर तिला शोधून इन्स्टाग्रामवर विचारा. खेळाडू कोचपेक्षा खरं सांगतात, विशेषतः शेवटच्या वर्षातले.

'आमच्या ९० टक्के खेळाडूंना पदवी मिळते' असं सांगितलं गेलं तर कोणता दर, हे विचारा. एनसीएएचा स्वतःचा दर काढताना चांगल्या स्थितीत कॉलेज सोडून गेलेल्यांना हिशेबातून वगळतात. सरकारी दरात तसं करत नाहीत, म्हणून तो सहसा कमी दिसतो. दोन्ही मागा.

आणि पदवी मिळाली म्हणजे शिक्षण मिळालं असंही नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल शाखेत १८ वर्षं असे वर्ग चालले जे कधी भरतच नव्हते. एक निबंध द्यायचा, आणि गुण देणारी व्यक्ती प्राध्यापक नव्हती, कार्यालयीन कर्मचारी होती. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून जास्त विद्यार्थी यातून गेले, त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला याबद्दल शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते! हा निकाल वाचून मी काही काळ सुन्न होतो. अजूनही कुणी 'एनसीएए बघून घेईल' म्हणालं की मला तो आठवतो.

पायरी ५: सही

पूर्वी 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचं पत्र असायचं. १९६४ पासूनची ही पद्धत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. आता आर्थिक मदतीचा करार हाच मुख्य कागद. इंटरनेटवरचे जुने सल्ले त्या पत्राबद्दलच बोलतात, ते सोडून द्या.

करारात आधी मुदत बघा. एक वर्षाची आणि नूतनीकरणाची, की चार वर्षांची? दोन्ही चालतं, आणि न विचारणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा एका वर्षाची पडते. मग रकमेत नेमकं काय काय आहे ते बघा: फी, राहणं, जेवण, पुस्तकं, विमा, उन्हाळी सत्राची फी. उन्हाळी सत्र महत्त्वाचं, कारण हंगामात कमी विषय घेणाऱ्या मुलांची भरपाई तिथेच होते. १ ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजांवर काही बंधनं आली आहेत: खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही, खेळताना झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च कॉलेज सोडल्यानंतरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो, आणि पूर्ण स्कॉलरशिपवरच्या खेळाडूला अर्धी राहिलेली पदवी दहा वर्षांच्या आत परत येऊन पूर्ण करायला मदत द्यावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्ये हे गृहीत धरू नका, लेखी मागा.

दुखापतीचा मुद्दा मी ताणतोय, कारण खेळाडू कायद्याने कर्मचारी मानला जात नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन फुटबॉल सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९५७ मध्ये नाकारली. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटना करायचं ठरवलं होतं, पण वर्षअखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला. तेव्हा विमा पॉलिसीची प्रत हातात घेतल्याशिवाय सही करू नका.

थेट पैशांचा करार समोर आला, तर तो क्रीडा कायदा कळणाऱ्या वकिलाला दाखवा. मधेच कॉलेज सोडलं तर पैसे परत द्यायची अट आहे का, आणि चेहरा-नाव वापरायचे हक्क किती वर्षं त्यांच्याकडे राहणार, एवढं तरी विचारून घ्या. काकाचा मित्र वकील आहे आणि तो ठाण्यात जमिनीची कामं बघतो, त्याचा इथे उपयोग नाही.

पायरी ६: व्हिसा आणि कमाई

मुलाकडे अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तर हा भाग सोपा. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा एनआयएल करार 'एनआयएल गो' या व्यवस्थेत नोंदवायचा, आणि कर कापून येत नाही हे ध्यानात ठेवून आलेल्या पैशातला तिसरा हिस्सा बाजूला काढायचा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर चित्र पालटतं. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाही. जाहिरातीचं शूटिंग, पैसे घेऊन इन्स्टाग्रामवर पोस्ट, सह्यांचा कार्यक्रम हे काम धरलं जाऊ शकतं, आणि विनापरवाना काम म्हणजे व्हिसा स्थिती गमावण्याचा धोका. पर्ड्यूचा झॅक एडी २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, पण कॅनडाचा असल्यामुळे अमेरिकन सहकाऱ्यांना सहज मिळणारे बहुतेक करार त्याला घेता आले नाहीत. केंटकीचा काँगोचा खेळाडू ऑस्कर शीब्वे याने ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाजला गेला असताना, अमेरिकेबाहेर, आपली कामं उरकून घेतली. मे महिन्यात पुण्याला आल्यावर एखाद्या स्थानिक ब्रँडचं काम करायचं असेल तरी आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्याच क्रमाने, आणि लेखी. क्रीडा विभागातला उत्साही माणूस 'होऊन जाईल' म्हणाला तरी व्हिसा त्याचा जाणार नसतो.

एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, वाढलेली मुलं हा वेगळाच पेच आहे. आईवडील एच-१बी वर, ग्रीन कार्डाची रांग संपत नाही, मूल पाच वर्षांचं असल्यापासून अमेरिकेत, बोली तिथली, संघमित्र तिथले. त्याला सगळेच अमेरिकन समजतात, कोचसुद्धा. पण एच-४ वरच्या मुलाला कामाची परवानगी नाही, म्हणजे एनआयएलही नाही, आणि वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की ती स्थितीच संपते. बहुतेकांची २१ वर्षं ऐन कॉलेजात पूर्ण होतात. एफ-१ वर कधी जायचं याची तारीख प्रवेशाच्या वेळीच ठरवा आणि कोचला व्हिसाबद्दल पहिल्याच संभाषणात सांगा.

कराचं थोडक्यात: फी आणि पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त, राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याच्या या भागातून सहसा १४ टक्के कापले जातात. 'फुल राइड', म्हणजे पूर्ण स्कॉलरशिप, मिळालेल्या मुलाच्या हातात कराचं बिल येतं ते यामुळे. भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरताना ती सोडू नका.

पायरी ७: पहिलं वर्ष

कॉलेजात दोन सल्लागार असतील: एक क्रीडा विभागाचा, एक तुमच्या विषयाच्या विभागाचा. पहिला तुम्हाला खेळायला पात्र ठेवतो, दुसरा तुम्हाला पदवीपर्यंत नेतो. ही दोन वेगळी कामं आहेत. पात्रतेसाठी दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचे ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८० टक्के पूर्ण लागतात. गणित करा: चार वर्षं प्रत्येक अट पाळूनही पदवी २० टक्के शिल्लक राहू शकते. पाचव्या वर्षाची फी कोण भरणार, हे पायरी ५ मध्येच लिहून घ्या.

एखादा विषय जड गेला आणि सोडावासा वाटला, तर सोडल्यावर त्या सत्रात १२ क्रेडिट (अभ्यासक्रम मोजायचं एकक) उरतात का ते बघा. त्याखाली गेलात तर संघातली जागा आणि एफ-१ दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात.

जेवणाचंही बोलून घ्या. २०१४ मध्ये कनेक्टिकटच्या शबाझ नेपियरने 'काही रात्री उपाशी झोपतो' असं उघड सांगितलं, आणि त्याच महिन्यात एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. आता खाणं भरपूर मिळतं, पण शाकाहारी मुलाला प्रथिनं कुठून द्यायची हे संघाच्या आहारतज्ज्ञाला पहिल्या आठवड्यातच विचारावं लागतं. नाहीतर चार महिने चीज पिझ्झा.

पायरी ८: कॉलेज बदलायची वेळ आली तर

कोच निघून जाणं ही या जगातली रोजची गोष्ट आहे. २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' ही कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी आहे, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा कॉलेज बदलता येतं. हे स्वातंत्र्य खेळाडूंनी भांडून मिळवलंय आणि मला ते योग्यच वाटतं, कारण कोचला कुणी कधी थांबवलं नव्हतं. पण पोर्टलमध्ये नाव घातलं की जुनं कॉलेज पुढच्या सत्रापासून स्कॉलरशिप थांबवू शकतं, आणि नवी जागा मिळेलच असं नाही. तुमचे किती क्रेडिट कोणत्या विषयात धरणार, हे नव्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून लेखी आल्याशिवाय हो म्हणू नका. तीन कॉलेजं फिरलेल्या मुलाकडे शंभर क्रेडिट असतात आणि कुठलीच पदवी जवळ नसते, असं होतं. एफ-१ असेल तर आय-२० चं, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रमाणपत्राचं, हस्तांतरण जुन्या आणि नव्या दोन्ही डीएसओंना कळवून करायचं.

पायरी ९: शेवटचा हंगाम

एनसीएएच स्वतः सांगते की कॉलेज खेळाडूंतले २ टक्क्यांहून कमी जण व्यावसायिक खेळात जातात. सोमदेव देववर्मन २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा एनसीएएचा एकेरी विजेता झाला, आणि तोही व्हर्जिनियातून समाजशास्त्राची पदवी घेऊनच व्यावसायिक टेनिसकडे वळला.

एफ-१ वरच्या मुलांना पदवीनंतर आपल्या विषयात काम करायला १२ महिन्यांची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिने. सरावाच्या वेळेला सोयीचा म्हणून घेतलेला विषय या यादीत नसेल, तर त्या सोयीची किंमत दोन वर्षांची कामाची परवानगी एवढी होते. अंतिम विषय जाहीर करण्याआधी, सहसा दुसऱ्या वर्षात, ही यादी उघडून बघा.

ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या तारखेआधी ९० दिवसांपासून करता येतो. मेमध्ये पदवी असेल तर खिडकी फेब्रुवारीत उघडते, आणि टेनिसचा हंगाम नेमका तेव्हा रंगात आलेला असतो. परवाना यायला महिने लागतात. फॉर्म, फोटो आणि डीएसओच्या शिफारशीसहचा नवा आय-२० जानेवारीतच तयार करून ठेवा. दौऱ्यावरच्या हॉटेलातून, सामन्यांच्या मधल्या रात्री, हे काम नीट होत नाही.